मैत्रिणीला घेऊन हार्लेम बघायचं असेल तर

न्यू जर्सीतल्या मराठी घरात भारतातून पाहुणे आले की न्यूयॉर्कचा दौरा ठरलेला असतो. लिबर्टीचा पुतळा, टाइम्स स्क्वेअर, सेंट्रल पार्कात अर्धा तास, ब्रुकलिन ब्रिजवर फोटो, आणि पाय बोलायला लागले की शेवटच्या गर्दीच्या गाडीने एडिसनला परत. सेंट्रल पार्क ११० व्या रस्त्यावर संपतं. त्याच्या उत्तरेला हार्लेम, कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती. तिथे आपण पाहुण्यांना सहसा नेत नाही, आणि का नेत नाही हेही कोणी मोठ्याने बोलत नाही.

माझी शाळेपासूनची मैत्रीण नागपूरहून आली तेव्हा तिने दारातच सांगितलं, "पुतळाबितळा राहू दे गं. बाबासाहेब शिकले ती जागा दाखव, आणि तिच्या खालचं ते हार्लेम." मी आधी तीन-चार वेळा गेले होते, पण दर वेळी एक जागा बघून परत. तिच्यासोबत पहिल्यांदाच अख्खा शनिवार पायी फिरले. त्या दिवसाचा रस्ता आणि आमच्या चुका इथे लिहिते आहे. हा रस्ता दोघांचा आहे. एकट्याने जाता येतं, पण हार्लेममधल्या निम्म्या गोष्टी आज जागेवर नाहीत किंवा बंद दाराआड आहेत. कोपऱ्यावर उभं राहून एकीने वाचायचं आणि दुसरीने "मग ते नेमकं कुठे होतं?" असं विचारायचं, तेव्हा कुठे तो कोपरा बोलायला लागतो. सात-आठ जणांच्या घोळक्यात हे जमत नाही.

निघण्याआधी

वार शनिवार धरा. शोमबर्ग सेंटर हे ग्रंथालय रविवारी बंद असतं आणि रविवारी चर्चच्या रांगांमुळे सगळं गणित बदलतं (त्याबद्दल शेवटी). मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. जानेवारीत लेनॉक्स ॲव्हेन्यूवरून नदीकडचा वारा सुटला की मैत्री टिकते, उत्साह टिकत नाही. चालणं सहा-सात किलोमीटर होतं. नवीन बूट त्या दिवशी काढू नका.

तीन गोष्टी आदल्या रात्रीच बोलून घ्या: कोण काय खातं, फोटो कोणाचे काढायचे, आणि घरी किती वाजता पोचायचं. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण दुपारी चारला एकीला परतीची गाडी दिसायला लागली की दुसरीचं लक्ष उडतं.

आणखी एक गोष्ट, जरा अवघड. आपल्या घरांत कृष्णवर्णीयांबद्दल जे शब्द सहज वापरले जातात ते रस्त्यावर नकोत, मराठीत बोलतानाही नकोत. "त्यांना कुठे कळतंय" हा समज खोटा आहे. स्वर कळतो, नजर कळते, आणि इतकी वर्षं देशी दुकानदारांशी व्यवहार असलेल्या शहरात काही शब्दही कळतात. आम्ही दिवसभर "ब्लॅक" किंवा "इथले लोक" एवढंच म्हणत होतो.

सुरक्षिततेचं विचाराल तर मोठ्या शहराची जी काळजी दादरला किंवा सीताबर्डीला घ्याल तीच इथे. दिवसाउजेडी १२५ व्या रस्त्यावर इतकी वर्दळ असते की खरी अडचण फुटपाथवर शेजारी-शेजारी चालायला जागा मिळण्याची आहे.

स्टेशनची गोम

एडिसन किंवा मेट्रोपार्कहून गाडीने पेन स्टेशन, तिथून सबवे. भाडं तीनेक डॉलर, बँकेचं टॅपवालं कार्ड फाटकावर टेकवलं की झालं. आता नीट ऐका: मॅनहॅटनमध्ये "११६ वा रस्ता" या नावाची चार स्टेशनं आहेत, चार वेगळ्या मार्गांवर. १ नंबरचं कोलंबिया विद्यापीठाच्या दारात, बी-सीचं फ्रेडरिक डग्लस बुलेव्हार्डवर, २-३ चं लेनॉक्सवर आणि ६ नंबरचं पार पूर्वेला लेक्सिंग्टनवर. "११६ ला भेटू" असं ठरवून दोन मैत्रिणी दोन स्टेशनांवर अर्धा तास उभ्या राहू शकतात. १२५ चंही तेच. ठरवताना रस्त्याबरोबर गाडीचा नंबरही बोला. आपल्याला पेन स्टेशनहून १ नंबरची गाडी घेऊन ११६ ला, कोलंबियाच्या दारात उतरायचं आहे.

बहुतेक मार्गदर्शक तुम्हाला ए गाडीने थेट १२५ ला उतरवतात. ए आणि डी ५९ व्या रस्त्यावरून सुटल्या की मधे कुठे न थांबता १२५ लाच थांबतात, त्यामुळे ते सोयीचं आहे. पण मग हार्लेम खालून दिसतं. मला ते वरून दाखवायचं आहे.

वरून खाली

बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये इथे आले आणि १९१६ पर्यंत राहिले. पहिले काही दिवस हार्टली हॉल या वसतिगृहात, मग ११४ व्या रस्त्यावरच्या क्लबात, पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये. तिथे नवल भथेना हा पारशी मित्र सोबत होता, ती मैत्री जन्मभर टिकली. विद्यापीठाच्या लेमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे. पण २०२४ पासून आवारात बाहेरच्यांना सोडण्यावर बंधनं आली आहेत. ओळखपत्रवाला कोणी ओळखीचा असेल तर आधी विचारून ठेवा, नसेल तर फाटकाच्या बाहेरून बघून पुढे चला. मैत्रीण फाटकाच्या गजांना हात लावून दोन मिनिटं उभी राहिली. मी घड्याळ बघितलं नाही, तुम्हीही बघू नका.

हार्टली हॉल मात्र लक्षात ठेवा. १९२१ मध्ये त्याच वसतिगृहात लँग्स्टन ह्यूज नावाचा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा राहायला आला. खोली आधी पत्राने मागितली होती. समोर ब्लॅक मुलगा उभा राहिल्यावर कार्यालयाचे चेहरे बदलले. वर्षभरात त्याने कोलंबिया सोडलं आणि खाली हार्लेमचा झाला. त्याची गाठ आपल्याला संध्याकाळी पडणार आहे.

११६ व्या रस्त्याने पूर्वेला चालत जा. रस्ता मॉर्निंगसाइड ड्राइव्हवर संपतो आणि पुढे एकदम कडा. कठड्यापाशी उभं राहिलं की खाली झाडांचा पट्टा आणि त्याच्या पलीकडे सपाट पसरलेलं हार्लेम दिसतं. वर विद्यापीठ, खाली वस्ती. गावात कोणाचं घर कुठल्या अंगाला आहे यावरून सगळं ओळखणाऱ्या आपल्या लोकांना हा नकाशा समजावून सांगावा लागत नाही.

या कड्याची एक गोष्ट पायऱ्या उतरायच्या आधी सांगा. १९६८ मध्ये विद्यापीठाने या सार्वजनिक बागेत व्यायामशाळा बांधायला घेतली. विद्यापीठाचं दार वरच्या अंगाला, हार्लेमच्या लोकांसाठी वेगळं दार खालच्या अंगाला, आणि त्यांच्या वाट्याला इमारतीचा छोटासा भाग. लोक चिडले. दक्षिणेतल्या वर्णभेदी कायद्यांच्या 'जिम क्रो' या नावावरून त्याला 'जिम क्रो'च म्हणायला लागले, फक्त जिम म्हणजे इथे व्यायामशाळा. त्या एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या इमारती ताब्यात घेतल्या आणि बांधकाम कायमचं थांबलं. खणलेला खड्डा मात्र राहिला. पुढे त्याचं तळं केलं. ११३ व्या रस्त्याच्या बाजूला बदकं आणि छोटा धबधबा असलेलं सुंदर तळं दिसतं ना, तोच तो खड्डा. "वेगळं दार" हे शब्द ऐकल्यावर मैत्रीण काही बोलली नाही. पायऱ्या उतरताना फक्त म्हणाली, "पाणी भरलं ते बरं झालं."

गुडघे दुखत असतील तर सांगून ठेवते, पायऱ्या खूप आहेत, पण सगळ्या उतरणीच्या.

११६ वा रस्ता: सेनेगलचं सरबत

खाली उतरून त्याच ११६ व्या रस्त्याने दोन चौक पुढे गेलात की पाट्या बदलतात. फ्रेडरिक डग्लस बुलेव्हार्डपासून लेनॉक्सच्या दिशेचा हा पट्टा छोटा सेनेगल म्हणून ओळखला जातो. १९८० नंतर पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या लोकांनी तो वसवला. फ्रेंच आणि वोलोफ कानावर पडतं, दुकानांत चटक रंगाचं कापड आणि केसांच्या वेण्यांचे गठ्ठे. कुठल्याही सेनेगली खाणावळीत शिरा आणि बिसाप मागा. गडद लाल, थंड, आंबटगोड. पहिला घोट घेतल्यावर मैत्रिणीने पेला उजेडात धरून बघितला, परत घोट घेतला आणि म्हणाली, "अगं, ही तर अंबाडीची बोंडं!" खरंच तीच, लाल अंबाडी. आपल्याकडे भाजी आणि चटणीत जाते, त्यांच्याकडे सरबतात. काउंटरवरच्या बाईंना आम्ही फोनवर अंबाडीच्या भाजीचा फोटो दाखवला. त्यांनी आत हाक मारून आणखी दोघींना बोलावलं. पंधरा मिनिटं गेली ती अशी.

पुढे लेनॉक्सच्या कोपऱ्यावर हिरव्या घुमटाची मशीद आहे, मॅल्कम एक्स जिथे प्रवचन द्यायचे त्या संस्थेची. तिच्या पलीकडच्या बाजारात आफ्रिकी कापड, मणी, शिया बटर. १९९४ मध्ये १२५ व्या रस्त्यावरचे फेरीवाले पोलिसांकरवी हटवले, त्यांतल्या बऱ्याच जणांना या भागात जागा दिली. घासाघीस चालते, पण हसत करा. मी लेनॉक्सपर्यंत न जाता फ्रेडरिक डग्लसवरून उत्तरेला वळायला सांगेन. बाजाराला परत यायचं असेल तर वेगळा दिवस काढा.

वळल्यावर सहा चौक चालून १२२ व्या रस्त्याशी हॅरिएट टबमनचा पुतळा लागतो. कलाकार ॲलिसन सार. १८४९ मध्ये मेरीलँडमधल्या गुलामीतून ही बाई पळाली आणि परत-परत मागे जाऊन सत्तरेक माणसांना सोडवून आणलं. पुतळा पुढून बघून निघू नका, मागे जा. घागऱ्याच्या मागच्या घोळाला झाडाची मुळं फुटलेली आहेत, जमिनीतून उपटून ओढत आणलेली. घागऱ्यावर चेहरे आहेत, ते जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत. पुतळ्याचं तोंड दक्षिणेला आहे. यावर वाद झाला होता. स्वातंत्र्य उत्तरेला, मग बाई दक्षिणेला का निघाली? कारण तिला अजून माणसं आणायची आहेत.

रस्त्यांची दोन नावं

१२५ ला पोचण्याआधी एवढं पाठ करा, नाहीतर दिवसभर गोंधळ. नकाशावर आठवा ॲव्हेन्यू म्हणजे फ्रेडरिक डग्लस बुलेव्हार्ड, सातवा म्हणजे ॲडम क्लेटन पॉवेल ज्युनियर बुलेव्हार्ड, सहावा, म्हणजे लेनॉक्स, तो मॅल्कम एक्स बुलेव्हार्ड. १२५ वा रस्ता म्हणजे मार्टिन लूथर किंग बुलेव्हार्ड. ही नावं १९७० आणि १९८० च्या दशकांत दिली. बोलताना मात्र लोक अजून लेनॉक्स, सेव्हन्थ आणि वन ट्वेंटी-फिफ्थ असंच म्हणतात. पत्ता विचारताना जुनं नाव घ्या, नकाशात शोधताना नवं.

१२५ वा रस्ता

इथे वेळ द्या, पण दुकानांना नाही. मोठ्या साखळी दुकानांनी हा रस्ता आता इतर कुठल्याही रस्त्यासारखा दिसायला लागला आहे. २०१७ मध्ये लेनॉक्सच्या कोपऱ्यावर महागडा किराणा आला तेव्हा भाडी कुठे जाणार हे इथल्या लोकांना लगेच कळलं. तुम्ही मान वर करून चाला. जुनं हार्लेम पहिल्या मजल्याच्या वर आहे.

अपोलो थिएटर २५३ नंबरला. १९१४ मध्ये सुरू झालं तेव्हा ब्लॅक प्रेक्षकांना आत प्रवेश नव्हता. वस्ती त्यांची, थिएटर दुसऱ्यांचं. १९३४ मध्ये नाव आणि धोरण दोन्ही बदललं आणि नवोदितांची रात्र सुरू झाली. त्या वर्षी नोव्हेंबरात सतरा वर्षांची एक मुलगी नाचायच्या तयारीने आली. तिच्या आधी दोन बहिणी असा नाच करून गेल्या की हिचा धीर सुटला. रंगमंचावर तर उभी होती, मग गायली. हीच पुढची जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड. तिथे एका झाडाच्या बुंध्याचा तुकडा ठेवलेला असतो, कलाकार रंगमंचावर जाताना त्याला हात लावतात. ते झाड सातव्या ॲव्हेन्यूवर होतं, रस्ता रुंद करताना तोडलं. कार्यक्रमाचं तिकीट काढायचं असेल तर आधी चौकशी करा, कारण नूतनीकरणाचं मोठं काम २०२५ मध्ये सुरू झालं. बाहेर फुटपाथवर कलाकारांच्या नावांच्या फरश्या आहेत.

समोरच्या बाजूला २३० नंबरला ब्लमस्टाइन या जुन्या दुकानाची इमारत. १९३४ मध्ये लोकांनी यावर बहिष्कार घातला: जिथे आम्हाला नोकरी नाही तिथे आम्ही खरेदी करणार नाही. काही आठवड्यांत दुकान नमलं आणि ब्लॅक विक्रेत्या नेमल्या. चोवीस वर्षांनी याच दुकानात मार्टिन लूथर किंग पुस्तकांवर सह्या करत बसले होते आणि एका मनोरुग्ण बाईने पाकिटं उघडायची सुरी त्यांच्या छातीत खुपसली. शस्त्रक्रिया हार्लेम हॉस्पिटलात झाली. पातं महारोहिणीला इतकं टेकलं होतं की एक शिंक आली असती तरी ते गेले असते.

सातव्या ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर पांढरी, नक्षीदार, तेरा मजली इमारत दिसेल. हे हॉटेल थेरेसा, १९१३ चं. १९४० पर्यंत इथेही ब्लॅक पाहुण्यांना खोली नव्हती. आता आत कार्यालयं आहेत, पण वर भिंतीवर रंगवलेलं जुनं नाव शोधा. सप्टेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सभेला आलेला फिडेल कॅस्ट्रो मधल्या शहरातल्या हॉटेलशी भांडून इथे राहायला आला. मग मॅल्कम एक्स, ख्रुश्चेव्ह, नासर, आणि पंडित नेहरू, सगळे त्याला भेटायला हार्लेममध्ये. नेहरूंची गाडी या फुटपाथला लागलेली डोळ्यांपुढे आणून बघा.

चौक ओलांडला की सरकारी कार्यालयाचा उंच ठोकळा आणि पुढे हार्लेमचे खासदार ॲडम क्लेटन पॉवेल यांचा चढ चढणारा पुतळा. हा ठोकळा उभा राहायच्या आधी इथे लुई मिशो यांचं पुस्तकांचं दुकान होतं. चार दशकं चाललं, आणि त्याच्यापुढच्या फुटपाथवर मॅल्कम एक्स भाषणं करायचे. काहीच उरलेलं नाही. आम्ही तिथे उभं राहून ते दुकान कुठे असेल याचा अंदाज बांधत होतो, तेव्हा बाकावरचे एक आजोबा आपणहून म्हणाले, "कोपऱ्यावर, बाई. अगदी कोपऱ्यावर."

कला बघायची असेल तर १४४ नंबरचं स्टुडिओ म्युझियम. संस्था १९६८ ची, नवी इमारत २०२५ च्या नोव्हेंबरात उघडली. दीड तास ठेवावा लागेल. आम्ही ते पुढच्या वेळेवर टाकलं, कारण दोघींना भूक लागली होती.

जेवण आणि पालेभाजीचा घोळ

लेनॉक्सवर १२६-१२७ च्या मधे सिल्व्हियाज आहे, १९६२ पासूनचं. त्याच्या अलीकडे रेड रूस्टर, जरा झगमगीत. छोट्या खाणावळीही बऱ्याच आहेत. मांसाहारी लोकांनी तळलेलं चिकन मागवावं आणि वाद घालू नये.

शाकाहारी असाल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. मागे एकदा एका खाणावळीत (नाव घेत नाही) मी निर्धास्तपणे कॉलर्ड ग्रीन्स मागवले. हिरवी पालेभाजी, त्यात काय असणार? निम्मी वाटी संपल्यावर चमच्यात टर्कीचा तुकडा आला. चूक माझी होती, विचारलं नव्हतं. दक्षिणेकडच्या पद्धतीत पालेभाजी आणि चवळी धुरी दिलेल्या मांसाच्या तुकड्याबरोबर तासन्‌तास शिजते, चव त्यातूनच येते. "शाकाहारी आहे का?" एवढं विचारून भागत नाही. "यात हाड, टर्की किंवा पोर्क घालून शिजवलंय का?" असं विचारा. मक्याचा पाव, मॅकरोनी-चीज, गोड रताळी बहुधा चालतात, तरी विचाराच. टिप धरून माणशी तीसेक डॉलर धरा.

टेबलावर चवळी आली तेव्हा आणखी एक गप्पांचा विषय निघतो. चवळी मूळची आफ्रिकेची, भेंडीही तिकडचीच असं मानतात. जहाजांतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबर ही पिकं अमेरिकेत आली. आपल्याकडे ती दुसऱ्या वाटेने, फार आधी. मैत्रीण म्हणाली, "म्हणजे श्रावणातली आमची चवळी यांचीच पाव्हणी!"

जेवण जिरवायला १२६ आणि १२७

फिफ्थ ॲव्हेन्यू ओलांडून पूर्वेला या. १७ ईस्ट १२६ नंबरच्या घराच्या पायऱ्यांवर १९५८ च्या ऑगस्टमध्ये सकाळी दहाला ५७ जॅझ वादक-गायक एका मासिकाच्या फोटोसाठी जमले. रात्रभर वाजवणारी माणसं, दहाची वेळ म्हणजे त्यांची पहाट. काउंट बेसी उभं राहून कंटाळला आणि फुटपाथच्या कडेला बसला, मग गल्लीतली मुलं त्याच्या रांगेत येऊन बसली. तो फोटो फोनवर आधी उतरवून न्या आणि समोरच्या फुटपाथवरून घराशी ताडून बघा. पुढच्या गल्लीत २० ईस्ट १२७, तिथे कवी झालेल्या लँग्स्टन ह्यूजने शेवटची वीस वर्षं वरच्या मजल्यावर काढली. आत जायला मिळेल असं धरून जाऊ नका, बाहेरून पाटी बघा.

इथेच मला पहिल्या खेपेला ओरडा बसला होता. तपकिरी दगडी घर, उंच पायऱ्या, पायरीवर बसलेल्या बाई, डोक्याला सुंदर रुमाल. मी न विचारता फोटो घेतला. बाई शांतपणे म्हणाल्या, "मी तुझ्या घराच्या पायरीवर येऊन असं करू का?" मी माफी मागितली, फोटो त्यांच्यासमोर खोडला. तेव्हापासून नियम असा: इमारतीचा फोटो चालतो, माणसाचा विचारल्याशिवाय नाही, मुलांचा अजिबात नाही, आणि कोणाच्या पायऱ्यांवर बसायचं नाही. त्या पायऱ्या म्हणजे त्यांचा ओटा आहे. नजरानजर झाली तर मान हलवून गुड आफ्टरनून म्हणा. इथे ती साधी रीत आहे, आणि आपण मुंबई-पुण्याचे लोक ती हमखास विसरतो.

वेळ असेल तर १२४ व्या रस्त्याशी मार्कस गार्व्ही पार्क. मधे टेकाड, वर आगीवर नजर ठेवायचा ओतीव लोखंडाचा मनोरा. १९६९ च्या उन्हाळ्यात इथे रविवारी संगीताचे मोठे कार्यक्रम झाले होते. आमचे पाय मोडले होते, आम्ही खालच्या बाकावरच बसलो.

१३५ ला: फरशीखालचा कवी

लेनॉक्सवरून उत्तरेला एम ७ किंवा एम १०२ बस घ्या, पाय वाचवा. १३५ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर शोमबर्ग सेंटर. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाची ही शाखा, प्रवेश मोफत, स्वच्छतागृह चांगलं (हे लिहायलाच हवं). आर्तुरो शोमबर्ग पोर्तो रिकोत जन्मलेला. शाळेत शिक्षकाने काळ्यांना इतिहासच नाही असं सांगितलं, म्हणून हा माणूस आयुष्यभर पुस्तकं, हस्तलिखितं, चित्रं गोळा करत राहिला, असं सांगतात. १९२६ मध्ये त्याचा संग्रह १०,००० डॉलरला विकत घेऊन या ग्रंथालयाला दिला गेला.

आत दिवाणखान्यासारख्या मोकळ्या जागेत जमिनीवर मोठं वर्तुळ आहे, त्यावर नद्यांच्या रेषा. बहुतेक लोक फोन बघत त्यावरून चालत जातात. त्याखाली लँग्स्टन ह्यूजच्या अस्थी आहेत. अठरा-एकोणीसाव्या वर्षी त्याने नद्यांवर एक कविता लिहिली, ती १९२१ मध्ये ब्लॅक विचारवंत डू बॉइस संपादक असलेल्या मासिकात छापून आली. हे वर्तुळ त्याच कवितेवरून. सकाळी हार्टली हॉलपासून निघालेला तो मुलगा इथे येऊन थांबला. आम्ही चपला काढाव्यात की काय या विचारात पडलो, मग नुसत्या कडेने फिरून वाचलं.

डू बॉइसवरून एक पुढची गोष्ट. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी त्याला पत्र लिहिलं. अमेरिकेतले ब्लॅक आणि भारतातले अस्पृश्य यांच्या स्थितीत फार साम्य आहे, आणि संयुक्त राष्ट्रांकडे इथल्या ब्लॅक संघटनेने जो अर्ज केलाय त्याच्या प्रती मिळतील का, असा मजकूर. डू बॉइसने उत्तरही दिलं. ते पत्र इथे शोधू नका, ते मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्टमधल्या संग्रहात आहे आणि घरबसल्या वाचता येतं. आम्ही ते फोनवर शोमबर्गच्या बाकावर बसून वाचलं. हा धागा त्याहून जुना आहे: १८७३ मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती इथल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन.

वाचनालयात दोघींनी तासभर वेगळं व्हा. एकीला चित्रं, एकीला कागद. परत भेटल्यावर सांगायला काहीतरी असतं.

बाहेर आलात की रस्त्यापलीकडे हार्लेम हॉस्पिटल. काचेच्या अख्ख्या दर्शनी भिंतीवर १९३० च्या दशकातलं भित्तिचित्र मोठं करून उतरवलंय. हाच कोपरा एकेकाळी खोक्यावर उभं राहून भाषणं ठोकणाऱ्यांचा होता, ब्लॅक चळवळीचा पुढारी मार्कस गार्व्हीसुद्धा त्यांतला.

शेवटचा टप्पा: १३८ आणि १३९

पश्चिमेला चालत सातवा ॲव्हेन्यू ओलांडा आणि १३९ व्या रस्त्यात शिरा. दोन्ही बाजूंना एकसंध, देखणी घरं, १८९१ ते १८९३ मध्ये श्रीमंत गोऱ्यांसाठी बांधलेली. हार्लेम ब्लॅक कसं झालं ते इथे सांगायला सोपं पडतं. १९०४ मध्ये सबवे येणार म्हणून बिल्डरांनी घरांवर घरं बांधली. गिऱ्हाईक आलं नाही, घरं रिकामी पडली. फिलिप पेटन नावाच्या ब्लॅक दलालाने मालकांना सांगितलं, माझे भाडेकरू घ्या, भाडं जास्त देतील. जास्त देण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं, बाकी शहर दार उघडत नव्हतं. गोरे निघून गेले, दक्षिणेतून माणसं येत राहिली. पण या दोन गल्ल्यांतली घरं ज्या विमा कंपनीकडे गेली होती तिने ती ब्लॅक लोकांना विकायला १९१९ पर्यंत नकार दिला. मग डॉक्टर, वकील, संगीतकार आले आणि गल्लीला नाव पडलं स्ट्रायव्हर्स रो, धडपड्यांची आळी.

मागच्या बोळाच्या फाटकाचे खांब बघा. खाजगी रस्ता आहे, घोडे चालवत न्या, अशी सूचना अजून तिथे आहे. मैत्रिणीने वाचली आणि आम्ही दोघी उगाचच हळू चालायला लागलो.

रविवारीच जमत असेल तर

१३८ व्या रस्त्यावरचं ॲबिसिनियन बॅप्टिस्ट चर्च १८०८ मध्ये स्थापन झालं, आत्ताची इमारत १९२३ ची. शेजारच्या १३७ वर मदर झायन, १७९६ ची संस्था, राज्यातलं सर्वांत जुनं ब्लॅक चर्च. पर्यटकांना कधी, कुठल्या दाराने घेतात हे त्या-त्या चर्चकडून आधी विचारून घ्या. अर्धी चड्डी नको, फोन बंद, आणि गाणी संपली म्हणून प्रवचनाच्या मधे उठायचं नाही. कीर्तनातून अभंग ऐकून निघून जाणारा माणूस आपल्याला कसा वाटतो? दोनेक तास बसायची तयारी असेल तरच जा. ताट फिरलं की त्यात पैसे टाका.

परतीसाठी लेनॉक्सवर १३५ चं २-३ चं स्टेशन गाठा, ती गाडी थेट पेन स्टेशनला येते. आम्ही सहाच्या सुमारास निघालो. ९६ पर्यंत बसायला जागा मिळाली नाही, मग मिळाली. मैत्रिणीने पिशवीतून १२५ वरून घेतलेली बिसापची बाटली काढली, झाकण नीट लागलं नव्हतं, आणि माझ्या पांढऱ्या कुर्त्यावर अंबाडीचा जो डाग पडला तो अजून गेलेला नाही. लिंबू चोळून बघा म्हणतात, नाही जात.